कुशीवर झोपणारे, दुखणं आणि गादी: तुमचा अनुभव लिहा

खांदा, खुबा, कंबर यांपैकी काहीतरी दुखतंय आणि झोप मात्र कुशीवरच लागते, अशांसाठी हा धागा. आपल्या कोल्हापुरात कंबरेचं नाव काढायचा अवकाश, समोरचा सांगतो, "कडक गादी घे, नाहीतर खाली सतरंजीवर झोप." उताणं झोपणाऱ्या कुणाला ते मानवतही असेल. कुशीवर वळलं की मात्र अंगाचा बराचसा भार खांदा आणि खुबा या दोन उंचवट्यांवर येतो. गादी तिथं दबली नाही तर रग लागते, हाताला मुंग्या येतात आणि मधली कंबर अधांतरी राहते. फार मऊ असली तर खुबा खोल जातो आणि कणा वाकतो. सकाळी कंबर धरते ती दोन्हीत.

2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक तर काहींना मध्यम कडक गादी दिली. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. त्याला वीस वर्षं होऊन गेली, आपल्याकडचा सल्ला मात्र तिथंच आहे. म्हणून प्रत्यक्ष झोपलेल्यांचे अनुभव एका जागी यावेत असं मनापासून वाटतं.

लिहिताना वजन साधारण किती, कोणती कूस, दुखणं कुठं, गादी कशाची आणि किती इंची, खाली पलंग कसला, उशी कसली, हे जरूर सांगा. आपल्याकडचा पावसाळा त्या गादीवर काढला असेल तर तेही. दुकानांची नावं नकोत.

शिक्षिका, राजारामपुरी

वजन 54 किलो. दिवसभर वर्गात उभं राहणं. उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाड हाताला लागतं तिथंच दुखायचं. डॉक्टरांनी ट्रोकँटेरिक बर्सायटिस सांगितलं, म्हणजे त्या हाडावरची पाण्याची छोटी पिशवी सुजलेली. "उजव्या कुशीवर झोपू नका," म्हणाले. पण डावीकडं वळून झोपले तरी पहाटे उजवाच खुबा ठणकायचा. असं का, ते फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाखवलं. डाव्या कुशीवर असताना वरचा, म्हणजे उजवा गुडघा पुढं घसरून गादीला टेकतो आणि त्याच दुखऱ्या जागेवर ताण येतो. त्यावर उपाय लांब उशीचा, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायांमध्ये घ्यायची. नुसती गुडघ्यात घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी पिळली जाते.

आमची गादी 'ऑर्थो' लिहिलेली, 5 इंची. चेन उघडून पाहिलं तर आत सगळा रिबॉन्डेड, म्हणजे तुकडे चिकटवून केलेला कडक फोम आणि वर बोटभर मऊ थर. आमच्या ह्यांची पाठ त्यावर छान राहते, ते उताणे झोपतात आणि अंगानंही भरलेले आहेत. माझ्या वजनाला ती दबतच नव्हती. नवी गादी न घेता माझ्या बाजूला गादीवर अंथरायचा 2 इंची टॉपर टाकला, लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या फोमचा. कूस बदलताना जाग येणं लवकरच कमी झालं. दुखणं गेलं ते मात्र खुब्याच्या व्यायामांनी, आणि त्याला काही महिने लागले. रात्रीची झोप होऊ लागली म्हणून ते व्यायाम नेटानं करता आले, हेही तितकंच खरं.

निवृत्त, शिवाजी पेठ

वजन 96 किलो. कुस्ती सुटून जमाना झाला, पण अंग तसंच हाय. डावा खांदा तालमीत असताना निखळलेला, थंडीत अजून ठणकतोय. पोरानं प्रेमानं मऊ फोमची 8 इंची गादी आणली. पहिल्यांदा पडल्यावर लई बरं वाटलं. पण वरीस व्हायच्या आत मधोमध खड्डा पडला. कुशीवर झोपलो की कंबर खाली आणि खांदा वर, आणि कूस बदलायची म्हंजे खड्ड्यातनं वर चढायचं काम. वरच्या बाईंना कडक गादी मानवली न्हाई, मला मऊ मानवली न्हाई. वजनाचा फरक हाय हा, दुसऱ्याची गादी बघून आपली घेऊ नका.

आता खाली 4 इंच रिबॉन्डेड आणि वर 2 इंच चांगला फोम, अशी बांधून घेतलीया. उजव्या कुशीवर झोपतोय आणि छातीशी जाड उशी धरून डावा हात तिच्यावर ठेवतोय. हात पुढं लोंबला की खांदा ओढला जातोय, उशीवर ठेवला की गप बसतोय. खांदा दुखणाऱ्यांनी आज रातीलाच करून बघा, पैसा लागत न्हाई.

गादी कारखाना, शाहूपुरी

आजोबा कापूस पिंजायचे, वडिलांनी फोमचं काम सुरू केलं, आता दुकान मी बघते. काकांनी लिहिलंय ते आम्ही रोज बघतो. गिऱ्हाईक हातानं दाबून विचारतं, "कडक आहे का?" त्यानं काहीच कळत नाही. डेन्सिटी वेगळी आणि कडकपणा वेगळा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. ती चांगली असली की फोम लवकर बसत नाही. मऊ फोमही भारी डेन्सिटीचा असतो आणि कडक फोमही हलका असतो. हलका कडक फोम दुकानात झकास वाटतो आणि वर्षभरात खड्डा देतो.

साधा फोम 32 ते 40 डेन्सिटीचा असावा, अंगानं जड माणसाला 40 च्या खाली मी देत नाही. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेली लादी. ती 80, 100 अशा डेन्सिटीत येते, कडक असते आणि टिकते. कुशीवर झोपणाऱ्यांनी ती खाली पाया म्हणून घ्यावी, एकटी घेऊ नये. 'ऑर्थो' हा शब्द कुणीही छापतं, त्यामागं ठरलेलं वैद्यकीय माप नाही. म्हणून आत कोणकोणते थर आहेत आणि किती इंचाचे, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. साधी फोमची गादी असेल तर काट्यावर ठेवून बघता येते. 72 बाय 36 ची, 6 इंची, 40 डेन्सिटीची गादी खोळ सोडून साधारण 10 किलो भरली पाहिजे. साडेसहा किलो भरली तर ती 25 च्या आसपासची आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

कापसाच्या गादीबद्दल नेहमी विचारतात. ताजी पिंजलेली गादी कुशीवर झोपायला चांगली लागते. पण जिथं खुबा आणि खांदा टेकतो तिथंच कापूस दबून गठ्ठे होतात. पुन्हा पिंजून घ्यायची तयारी असेल तरच घ्या. काथ्याची गादी हवेशीर असते, पण कडक. खांदा दुखणाऱ्याला वर मऊ थर दिल्याशिवाय मी ती सुचवत नाही.

पावसाळ्याचं तर आपल्याला माहीतच आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडं भिंतींना ओल येते, गादीला का येणार नाही? सामान ठेवायच्या बंद पेटीच्या पलंगावर, सलग प्लायवर, गादीच्या खालच्या अंगाला बुरशी धरते. प्लायला भोकं पाडून घ्या, आणि उघडीप मिळाली की गादी भिंतीला उभी करून पंखा लावा. कापसाची गादी गच्चीवर उन्हात टाकली तर उत्तमच, लेटेक्सची मात्र कधीही टाकू नका. उन्हानं लेटेक्स कडक होतं आणि त्याचा भुगा पडायला लागतो.

फाउंड्रीत कामाला, शिरोली एमआयडीसी

रात्रपाळी असली की दिवसा झोपायचं. वजन 71, डावी कूस, कमरेत चमक. ऑनलाइन मेमरी फोमची गादी मागवली. हा फोम 1966 साली नासाच्या एका प्रकल्पात विमानाच्या आसनांसाठी तयार झाला, अंगाच्या उबेनं मऊ होऊन आकार घेतो. जानेवारीत खरंच सुख वाटलं, खांद्याची रग गेली. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या खोलीत त्याच गादीत अंग रुतायला लागलं. घामानं जाग यायची आणि कंबर पुन्हा धरली. गादी वापरून परत करायची शंभर रात्रींची मुदत थंडीतच संपली होती. आता तिच्यावर पातळ सुती गादी टाकतो आणि उन्हाळ्यात त्यावर झोपतो. ज्यांना दिवसा झोपावं लागतं त्यांनी ट्रायल उन्हाळ्यात घ्यावी, किंवा लेटेक्स अथवा पॉकेट स्प्रिंगची, म्हणजे सुट्या कापडी पिशव्यांतल्या स्प्रिंगांची गादी बघावी. दोन्हींत हवा खेळते.

सातवा महिना, फुलेवाडी

डॉक्टरांनी आता कुशीवरच झोपायला सांगितलंय. पोटाखाली एक पातळ उशी, पायांत एक, पाठीशी लोड. गादी माहेरचीच, कापसाची, बाबांनी नव्यानं पिंजून आणली. खुबे दुखायचे ते बरेच कमी आहेत. उठताना आधी दोन्ही पाय खाली सोडून मग हातावर जोर देऊन उठायचं, हे जाऊबाईंनी शिकवलं. गादीइतकाच त्याचाही फायदा झाला.

एक आई, कळंबा

माझा अनुभव जरा निराळा आहे, पण इथं सांगायलाच हवा. मुलगा 24 वर्षांचा, सडसडीत. कंबर आणि बसायची जागा दुखते म्हणायचा. पहाटे तीन-चारला उठून घरात येरझाऱ्या घालायचा. आम्ही गादी बदलली, मग पलंग बदलला, मग जमिनीवर झोपवला. कशानंच फरक नाही. सकाळी तासभर अंग आखडलेलं असायचं आणि कॉलेजला चालत गेला की दुपारी ठणठणीत.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला, "विश्रांतीनं बरं वाटतं की हालचालीनं?" हालचालीनं, म्हटल्यावर त्यांनी लगेच संधिवाततज्ज्ञांकडं पाठवलं. रक्तात एचएलए-बी 27, म्हणजे अशा आजारात बऱ्याचदा सापडणारी आनुवंशिक खूण, निघालं आणि एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना सूज दिसली. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात, त्या गटातला आजार आहे. औषधं आणि रोजचे व्यायाम सुरू झाल्यावर तो रात्रभर झोपू लागला, त्याच जुन्या गादीवर.

तरुण वय, तीन महिन्यांच्या वर कंबरदुखी, उत्तररात्री जाग, सकाळचा आखडलेपणा अर्धा तास ओलांडणारा आणि चालल्यावर उतरणारा, असं घरात कुणाचं असेल तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडं जा. हे कळकळीनं सांगते.

फिजिओथेरपिस्ट, ताराबाई पार्क

कळंब्याच्या ताईंनी लिहिलंय त्यात थोडी भर. ताप, कारणाशिवाय वजन उतरणं, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा बसायच्या जागी बधिरपणा, यातलं काहीही असेल तर थांबू नका. शेवटच्या तिन्हींत तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दुकानात काय करायचं ते. बसून बघू नका, आडवे व्हा, आणि आपल्या नेहमीच्या कुशीवर. घरची उशी बरोबर न्या. लाजू नका, दुकानदाराला सवय असते. दहा-पंधरा मिनिटं तसंच पडा, कारण रग लागायला वेळ लागतो. बरोबरच्या माणसाला पाठीमागून बघायला सांगा, मोबाइलवर फोटो काढला तर आणखी बरं. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला समांतर हवी. मग कंबर आणि गादी यांच्यामध्ये तळहात घालून बघा. आरपार सहज गेला तर तुमच्यासाठी ती गादी कडक आहे.

माझ्याकडं येणाऱ्यांत उशीचा घोटाळाही फार असतो. कुशीवर झोपल्यावर मान आणि गादी यांतलं अंतर खांद्याच्या रुंदीइतकं असतं, तेवढं उशीनं भरून काढायचं. रुंद खांद्याच्या माणसाला सावरीची दबलेली उशी पुरत नाही. खांदा मात्र उशीवर घ्यायचा नाही, उशीला टेकवून गादीवर ठेवायचा. आणि गादी मऊ केलीत तर उशी थोडी कमी करावी लागते, कारण खांदा आत जातो आणि ते अंतर घटतं. नवी गादी आणल्यावर मान दुखू लागली अशी तक्रार येते ती बऱ्याचदा यामुळं.

मधुमेह असेल आणि खांदा हळूहळू आखडत चालला असेल, हात मागं जात नसेल, तर तो फ्रोजन शोल्डर असू शकतो. मधुमेह्यांत तो जास्त दिसतो. त्या कुशीवर झोपणं थांबवा आणि तपासून घ्या.

नर्सिंगची विद्यार्थिनी, हॉस्टेल

नवी गादी घेण्याइतके पैसे नाहीत आणि हॉस्टेलची काथ्याची गादी बदलूनही मिळत नाही. वजन 47. वॉर्डात उभं राहून डावा खुबा दुखायचा आणि मला डावीकडंच झोप लागते. आजीनं राधानगरीकडून दोन वाकळा पाठवल्या, जुन्या सुती लुगड्यांच्या, दाट टाके घातलेल्या. एक चौपदरी करून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंथरते, दुसरीची घट्ट गुंडाळी करून पायांत घेते. लेटेक्सइतकं मऊ नाही, पण खुबा टोचत नाही. शिवाय वाकळ धुता येते आणि उन्हात वाळते, पावसाळ्यात तेवढं जड जातं, दोन दिवस ओलीच राहते. वरच्या मॅडमचं वाचून काल उशीखाली घडी केलेला टॉवेल घातला, मान हलकी वाटली. शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीचा खांदा दुखतो, तिच्यासाठी आजीला आणखी एक वाकळ शिवायला सांगितली आहे.