सोलापुरात इतकी तेलुगू कशी?

वाटसरू :
नोकरीनिमित्त लवकरच सोलापुरास येणे आहे. कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने तेथे कन्नड ऐकू येणे समजण्यासारखे आहे. परंतु तेलंगण बरेच दूर असूनही शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, याचा उलगडा होत नाही. गिरण्यांसाठी हे लोक आले असे म्हणावे, तर गिरण्या बंद पडल्यावर ते परत का गेले नाहीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

सुताचा गुंता :
गिरणी आणि माग यांत आपण गल्लत करत आहात, असे वाटते. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरापर्यंत आली आणि आसपासच्या कापसाला मुंबईची वाट खुली झाली. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी, म्हणजे आजही ‘जुनी गिरण’ म्हणून ओळखली जाणारी, सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत सर्वच समाजांचे लोक कामाला लागले. मात्र तेव्हाच्या निजामाच्या राज्यातून, तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज मुळातच विणकरांचा होता, हातात कसब घेऊन आला होता. त्यामुळे गिरणीच्या भोंग्यावर त्याचे पोट सर्वस्वी अवलंबून कधीच नव्हते. घरातील हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, लुगड्यांच्या जागी जेकार्ड चादर आणि टॉवेल आले, आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या तरी पूर्व भागातील मागांचा खडखडाट थांबला नाही.

जमल्यास एखाद्या कारखान्यात जाऊन चादर विणताना अवश्य पाहावी. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. कोणता धागा उचलायचा हे ती भोकेच ठरवतात. नक्षी दोन्ही अंगांनी उमटते, फक्त रंगांची अदलाबदल होते. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरीही बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरगावचा माल सर्रास विकला जातो, ही येथील कारखानदारांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

पुरुष मागावर आणि बाई विड्या वळायला, अशी या भागातील असंख्य घरांची रीत. समाज येथे टिकला त्यात विडीचा वाटा चादरीइतकाच आहे, पण बाहेरच्यांना चादर तेवढी ठाऊक असते. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत पाहिलीत, म्हणजे या कष्टांचा आवाका ध्यानात येईल. नारळी पौर्णिमेला पद्मशालींचे मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा सारा पूर्व भाग रस्त्यावर उतरलेला असतो.

भीमाकाठ :
वरील माहिती उत्तम आहे; मात्र ‘हद्द जवळ म्हणून कन्नड’ हे मूळ प्रश्नातील गृहीतक मला पटत नाही. आजची हद्द १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतील आहे. शहराचे ग्रामदैवत मानले जाणारे सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत, आणि त्यांची भक्तिपर वचने कन्नडमध्ये आहेत. त्यांच्या संक्रांतीच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, उंच नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात आणि त्यातील तैलाभिषेकाला मराठी घरांतही ‘यण्णीमज्जन’ असेच म्हणतात. दुसरीकडे, दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. या दोन भाषांचा शेजार इतका जुना असताना आधी कोण, हा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

भुईकोट किल्ला बहमनी काळातला. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओढाताण चालली. चांदबिबीच्या विवाहात तो आदिलशहाला आंदण मिळाला होता. १८१८ मध्ये पेशव्यांकडून तो इंग्रजांनी घेतला.

जुनी पेठ :
१९३० चा उल्लेख राहून गेला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगारांसह शहर उसळले आणि सरकारला येथे लष्करी कायदा पुकारावा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चौघे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. शहराची घडण या चार नावांतच दिसते. त्यांत तेलुगू नाव नाही, म्हणून तो समाज चळवळीबाहेर होता असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

वाटसरू :
सर्वांचे आभार. पाण्याविषयी बरेच उलटसुलट ऐकले आहे. त्यात तथ्य किती?

भीमाकाठ :
ऐकले ते खरे आहे. प्रदेश पर्जन्यछायेतला आणि नद्या शहरापासून अंतरावर, त्यामुळे उजनी धरणातून शंभरहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी, भीमेवरील टाकळी येथील उपसा आणि हिप्परगा तलाव यांवर शहराची भिस्त आहे. नळाला रोज पाणी येईल असे धरून चालू नये. भाड्याचे घर ठरवताना पाळी किती दिवसांनी येते हे शेजाऱ्यांना विचारावे आणि साठवणीची टाकी स्वतः पाहावी. घरमालकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.