'लेट' म्हणजे उशीर नाही, परवानगीही नाही

टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून आत पडली की 'लेट' पुकारतात. एका भाऊंनी लिहिलं की हा 'लेट' म्हणजे 'राहू दे, पुन्हा कर', आणि दुसऱ्यांनी तो उशिरावाला 'लेट' ठरवला. पहिला अंदाज चुकलाच; दुसरा थोडाफार जवळ आहे.

जुन्या इंग्रजीत 'लेट्टन' असं क्रियापद होतं. अर्थ अडवणं, खोळंबवणं. 'होऊ दे'वाला लेट वेगळ्याच क्रियापदातून आला, पुढे उच्चार सारखा झाला एवढंच. उशिरावाला 'लेट' मात्र या अडवण्याच्या शब्दाचा नातेवाईक. म्हणजे सर्व्हिस जाळीला लागून आत पडली की जाळीनं अडथळा केला, सर्व्हिस पुन्हा. हा जुना अर्थ पाहायचा असेल तर आपला पासपोर्ट उघडा: राष्ट्रपतींच्या नावानं जी विनंती छापली असते, तिच्या इंग्रजी मजकुरात धारकाला 'लेट' किंवा अडथळ्याविना जाऊ द्यावं, असं आहे.

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात ग्रामपंचायतीसमोर हिवाळ्यात बॅडमिंटन रंगतं. तिथं सर्व्हिसचं शटल जाळीला घासून पलीकडे पडलं की पोट्टे 'लेट, लेट' ओरडतात. काहून बावा? बॅडमिंटनमध्ये ती सर्व्हिस चालते. ही सवय टेनिस अन् टेबल टेनिसची. पण रॅलीत शटलचं बूड पिसांपासून पार सुटलं, किंवा मधातच बकरी कोर्टात घुसली, तर लेट खुशाल मागा. नियमात बसते.