गोडा मसाला: एक शब्द की दोन?

कोशकिडा: घरी गिलावा झाला. गवंडीमामा सांगून गेले, "सात दिवस रोज पाणी मारा." जावई केरळचे, मराठी शिकताहेत. त्यांनी कोश उघडला. मारणे: ठोकणे, ठार करणे. "पाण्याने काय केलंय?" म्हणून विचारू लागले. पाणी मारणे, भाव खाणे, चहापाणी, गोडा मसाला, या नेहमीच्या जोड्यांना कोशात स्वतंत्र नोंद हवी की नको?

अर्धीजिलबी: नको. एकट्या 'खाणे'पाशी बघा: मार, शिव्या, लाच, भाव, डोकं, हवा, शेण. उद्या 'गरम पाणी'ही मागाल. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२-३८, सात खंड) वाक्प्रचार मूळ शब्दाच्या पोटातच आहेत. कुणाचं अडलं?

कोशकिडा: त्यांचंच अडलं! म्हणून तर त्याच संपादकांनी पुढे वाक्संप्रदायांचा वेगळा दोन खंडी कोश काढला. आणि 'डोळ्यात तेल घालून' कुठे शोधायचं, डोळ्यात की तेलात?

अर्धीजिलबी: वेगळा कोश काढला, म्हणजे शब्दकोशात गर्दी नको हे त्यांनाही पटलं होतं. 'गोडा मसाला'चं तर काहीच नाही. गोडं पाणी म्हणजे पिण्याचं, गोडं तेल म्हणजे खाण्याचं. 'गोडा'खाली हा एक अर्थ नीट लिहा, तिन्ही जोड्या सुटतात.

खलबत्ता: सुटत नाहीत हो. तिखट पूडही खाण्याचीच, तिला कोण गोडी म्हणतं? गोडा मसाला म्हणजे तीळ, सुकं खोबरं, धणे, दगडफूल खमंग भाजून कुटलेला, आमटीत नि भरल्या वांग्यात पडणारा. 'गोडा' अधिक 'मसाला' करून हे हाती लागणार आहे का? माझा निकष सोपा: एक शब्द बदलून बघा. गरम पाण्याचं ऊन पाणी केलं तरी अंघोळ होते. काळ्या पाण्याचं सावळं पाणी केलंत तर अंदमान गेलं! गरम पाणी बाहेर, काळं पाणी आत.

अर्धीजिलबी: काळं पाणी दिलं. मसाला अजून नाही. उद्या कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, सगळे रांगेत उभे राहतील. पाककृती द्यायला कोश म्हणजे रुचिरा नव्हे.

खलबत्ता: मालवणी मसाला मालवणचा, कांदा-लसणाचा नावातच सांगतो. त्यांना नोंद मीही मागत नाही. पण त्याच डब्यातलं दगडफूल बघा. ते दगडही नाही, फूलही नाही, बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून झालेलं असतं. ते जोडून लिहितो म्हणून निमूट कोशात जातं, आणि गोडा मसाला मधल्या एका मोकळ्या जागेपायी दाराबाहेर?

अर्धीजिलबी: मग 'गोडामसाला' जोडून लिहायला लागा. वीसेक वर्षांनी भेटू.