भोर-वरंधा-आंबेनळी-महाबळेश्वर लूप सायकलवर, सल्ला हवाय

डिसेंबरमध्ये दोन दिवसांत करायचा विचार आहे. भोर, नीरा देवघरच्या बाजूने वरंधा घाट उतरून महाड, पोलादपूर, मग आंबेनळीने महाबळेश्वर, दुसऱ्या दिवशी पाचगणी, पसरणी घाटाने वाई आणि मांढरदेवी चढून परत भोर. रोडबाईक आहे, २८ मिमी रुंदीचे टायर. जमेल का?

—

जमेल रे, पण २८ वर वरंधा नको. दर पावसाळ्यात तिथे दरड येते आणि मग पॅच, खडी, मधेच नवा काँक्रीट असं सगळं मिक्स मिळतं, उतारावर ब्रेक दाबून दाबून बोटं दुखतात. फ्रेममध्ये बसत असतील तर ३२ टाक, हवा जरा कमी ठेव.

—

खरी परीक्षा आंबेनळी. पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, म्हणजे एवढं सगळं एकाच चढात, अंतर चाळीसेक किमी. गिअरला पुढे ३४ दात, मागे ३२ दात तरी हवेतच. महाडलाच पोटभर खाऊन घे, दुपारच्या उन्हात चढ सुरू करू नकोस, शक्य असेल तर मुक्काम पोलादपूरलाच कर आणि पहाटे निघ. कुंभरोशीला प्रतापगडचा फाटा लागतो तिथे पाणी भर.

—

मुक्कामाचं अगदी बरोबर. फक्त मग दुसऱ्या दिवशी आंबेनळी आणि मांढरदेवी दोन्ही येतात, म्हणून मी तर तीन दिवस घेईन, वाईला थांबेन. आणि पसरणी रविवारी उतरू नका दादा, गाड्यांची फार गर्दी असते.