मदत हवी आहे: माग थांबला कशानं, लाइटनं की हँडलनं?

मंडळी, बहिःस्थ एम.ए. करतोय, तत्त्वज्ञान. पेपर तोंडावर आलाय आणि कार्यकारणभावावर गाडी अडलीय, तीही घरच्या भांडणापायी.

सोलापुरात पूर्व भागात आमचे चार यंत्रमाग आहेत. परवा चादरीचा उभा धागा तुटला, मागावर कामाला असलेल्या अण्णांनी हँडल ओढलं आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. माग थांबला. परत चालू केल्यावर चादरीवर बोटभर आडवा पट्टा उमटला. व्यापाऱ्यानं तो नग बाजूला काढला. बाबा म्हणतात, माग नीट थांबवला नाही. अण्णा म्हणतात, "मी कुठं थांबवलो? लाइटनं थांबवलं."

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1748 मध्ये कारणाची व्याख्या केली: पहिल्यासारखं काही घडलं की मागोमाग दुसऱ्यासारखं घडतंच. लगेच 'म्हणजेच' म्हणून पुस्ती जोडली, पहिलं नसतं तर दुसरं झालंच नसतं. (हे दोन्ही एकच कसं, मला तरी उमगलेलं नाही.) अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसनं 1973 च्या लेखात ही पुस्तीच धरून सिद्धान्त उभा केला. आता तो मागाला लावा. हँडल ओढलं नसतं तरी लाइटमुळं माग थांबलाच असता. लाइट गेली नसती तरी हँडलमुळं थांबलाच असता. म्हणजे कारण दोन्हीही नाही!

मग आपल्याकडच्या न्यायदर्शनाकडे वळलो. त्याच्या 'तर्कसंग्रह' या पाठ्यग्रंथात उदाहरण चक्क कापडाचं: धागे समवायी कारण (ज्यातून वस्तू बनते ते), धाग्यांचा संयोग असमवायी (त्या धाग्यांची जुळणी), धोटा-माग वगैरे निमित्त (बाकीची साधनं). वाचून घरी आल्यासारखं वाटलं. पण ज्याच्यावाचून काम अडत नाही ते 'अन्यथासिद्ध', कुंभाराची माती वाहणाऱ्या गाढवासारखं. मग हँडल आणि लाइट ही एकमेकांची गाढवं समजायची का? यातून वाट कशी काढायची, कुणी सांगेल का?

उत्तर: लुईसनं त्या लेखात असली जोडकारणं मुद्दाम बाजूला ठेवली होती, त्यांच्याबद्दल आपलं स्वतःचंच मत पक्कं नाही, असं त्यानं तळटीपेत कबूल केलंय. एक वाट अशी: दोन्ही एकत्र धरा. दोन्हीपैकी काहीच घडलं नसतं तर माग चालू राहिला असता, म्हणून जोडी मिळून कारण. आणि लाइट क्षणभर आधी गेली असेल तर गोष्टच वेगळी, मग हँडल नुसतं उशिरा पोचलेलं. आधी कोण, ते नक्की पाहिलंय का?

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा): धन्यवाद दादा. अण्णांना विचारलं. म्हणाले, "हँडल हातात होतं, तेवढ्यात अंधार झाला." हँडल ओढून झालं होतं की नुसतं हातात होतं, हे काही सांगेनात. बाबांनी अजून अण्णांचा पगार कापलेला नाही.