पुण्यातली गच्ची: मार्चनंतर कोथिंबीर, टोमॅटो का बिघडतात? पावसाआधी काय बदलावं?

कुंडीभर_ऊन

पुणे, सहावा मजला, गच्चीवर सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत थेट ऊन. १२ × १२ इंची काळ्या ग्रो बॅगा १५ आणि पालेभाजीसाठी २ × ३ फुटांचे, ८ इंच खोल दोन ट्रे. मिश्रण असं: निम्मी लाल माती, पाव कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव गांडूळखत. पाणी रोज सकाळी एकदा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोथिंबीर, मेथी, पालक सगळं उत्तम येतं. अडचणी नंतरच्या आहेत.

१. मार्चअखेर पेरलेली कोथिंबीर विरळ उगवते. जी उगवते ती बोटभर झाली की बारीक पानं आणि पांढरा फुलोरा.
२. एप्रिलमध्ये टोमॅटोची फुलं देठापासून गळतात. जी दोनचार फळं धरतात त्यांची बुडं काळी पडतात.
३. जून-जुलैत मेथी उगवते आणि आठवड्याभरात जमिनीलगत सडून आडवी होते.

बियाणं बदलून फरक पडत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नेमकं काय बदलायचं?

वाफसा

पहिल्या प्रश्नापुरतं सविस्तर लिहितो. दोष बियाण्यात नाही, मातीच्या तापमानात आहे. कोथिंबीर थंडीचं पीक. माती ३० अंशांच्या वर गेली की उगवण कमी होते आणि दिवस मोठा, ऊन कडक झालं की झाड पानं वाढवायचं सोडून फुलोऱ्यावर जातं. तुमच्याकडे तर खालून स्लॅब तापतो आणि बाजूने काळी बॅग. हवा ३८ अंश असताना आतली माती त्याहून गरम असू शकते.

म्हणून आधी सावली. ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, शेडनेट ट्रेच्या वर निदान तीन फुटांवर बांधा आणि बाजू मोकळ्या ठेवा. नेट पिकाला टेकवून बांधलं की खाली हवा कोंडते. ७५ टक्क्यांचं घेऊ नका, त्याखाली रोपं लांबट आणि लेची होतात. ट्रे आणि बॅगा विटांवर चढवा, खालून वारा गेला पाहिजे. पश्चिमेच्या बाजूने बॅगांना पांढरी रिकामी गोणी गुंडाळा. एवढ्या साध्या गोष्टीने मुळं भाजायची थांबतात.

पेरताना धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, चुरा नको. एकेका फाकीत एक बी असतं. रात्रभर भिजवा, निथळून ओल्या फडक्यात दोन दिवस सावलीत बांधून ठेवा. बोटभर अंतराच्या ओळींत एक सेंटीमीटर खोल पेरा, वर भिजवलेलं गोणपाट. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा, एक दिवस जरी उशीर झाला तरी कोंब त्यात अडकून मोडतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत एकदा आणि ऊन उतरल्यावर हलका शिडकावा.

आणि अपेक्षा बदला. हिवाळ्यात ४०-४५ दिवसांनी जुडी मिळते, शिवाय कापून पुन्हा फूट येते. एप्रिल-मेमध्ये दाट पेरून तीस दिवसांच्या आत मुळासकट उपटायची. दुसऱ्या कापणीची वाट पाहिली की फुलोरा आलाच. दर १५ दिवसांनी अर्धा ट्रे पेरा. उरलेल्या जागेत उन्हाला खंबीर भाज्या घ्या: लाल माठ, तांदुळजा, अंबाडी. मेथी-पालकाच्या मागे मे महिन्यात लागू नये.

हिरवी_मिरची

धण्यांबद्दल थोडं वेगळं मत. फोडलेले धणे रात्रभर बुडवून ठेवले तर उकाड्यात ते आंबू शकतात. वास यायला लागला तर उगवण गेलीच. फोडलेल्याला सहा-सात तास पुरतात, पाणी मधे एकदा बदलायचं. बाकी पद्धत बरोबर. आणि किराणा दुकानातले भाजलेले किंवा फार जुने धणे घेऊ नका.

आता टोमॅटो. दुपारी ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गारवा नाही, अशा हवेत परागकण निकामी होतात. फूल फळलं नाही की झाड ते टाकून देतं. त्यावर फवारणी शोधत बसू नका, खरा उपाय वेळ साधण्याचा आहे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बी टाका, चार-पाच पानांची रोपं महिन्याभराने बॅगेत लावा. डिसेंबर ते फेब्रुवारी भरपूर फळ. एप्रिलमध्ये त्याच जागी मिरची, वांगी किंवा गवार असू द्या.

बुडं काळी पडतात तो रोग नाही, फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. आणि ते बहुतेक वेळा मातीत नसतं म्हणून नव्हे, तर पाणी कधी जास्त, कधी खडखडीत, म्हणून. १२ इंची बॅग मोठ्या टोमॅटोला अपुरी आहे, दुपारपर्यंत कोरडी पडते. १५ किंवा १८ इंची बॅग, एका बॅगेत एकच झाड, वर दोन इंच वाळल्या पाचोळ्याचं आच्छादन. अंड्याच्या टरफलांची पूड घालायची तर लावणीच्या वेळी मातीत मिसळा. ती फार हळू विरघळते, फळ काळं पडल्यावर घालून उपयोग नाही. फळं धरताना शेणपाणी किंवा युरिया सारखा देऊ नका, पाला माजतो आणि ही तक्रार वाढते.

लाल_चिरा

तिसरा प्रश्न माझ्या भागातला, कोकणात पावसापुढे कुंडी वाचवणं हेच मोठं काम असतं. तुमचं मिश्रण हिवाळ्या-उन्हाळ्यासाठी ठीक आहे, पावसात मात्र कोकोपीट पाणी धरून बसतं आणि वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी असण्याची स्थिती, येतच नाही. मेथी आडवी होते ती रोपमर. बुरशी असते, पण तिला बोलावतं साचलेलं पाणी आणि दाट पेरणी.

पावसाळ्यासाठी दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग नदीची जाड वाळू किंवा विटांचा चाळलेला चुरा. समुद्राची वाळू अजिबात नको, मिठाने रोपं करपतात. ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची) पूड खतात मिसळून, ओलसर करून आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग मिश्रणात घाला. बॅगेच्या बाजूला बुडापासून एक इंचावर चार भोकं पाडा. तळाशी खडीचा जाड थर देण्याची सवय सोडावी. पाणी त्या थरावरच्या मातीत अडून राहतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे.

मेथी-कोथिंबीर पावसात हवीच असेल तर ट्रेवर पारदर्शक प्लास्टिकचा उतरता मांडव करा, बाजू उघड्या. नाहीतर तो ट्रे आले-हळदीला द्या. आठ इंच खोली त्यांना चालते. मे महिन्यात कंद लावून ठेवायचे.

बॅगांमध्ये वेल आणि भेंडी लावा. रोहिणी लागल्या की, म्हणजे मेअखेर, दोडका, दुधी, कारलं, भेंडी टोकून घ्या. झोडपणारा पाऊस येईपर्यंत मुळं धरलेली असतात. सहाव्या मजल्यावर मधमाशा कमी फिरकतात, तेव्हा परागीकरण हाताने करावं लागेल. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, कारल्याची आणि काकडीची सकाळी. सकाळी दुधीला हात लावून फळ धरत नाही ते त्यामुळेच. नर फूल तोडून पाकळ्या मागे सारा आणि देठाशी छोटं फळ असलेल्या मादी फुलावर हलकेच फिरवा.

कुंडीभर_ऊन

सगळ्यांचे आभार, काळी बॅग आणि स्लॅब हा मुद्दा लक्षातच आला नव्हता. दोन गोष्टी राहिल्या. शेडनेट पावसातही ठेवायचं का? आणि फेब्रुवारीत मेथी-पालकावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो, त्यावर निंबोळी तेल चालेल का?

वाफसा

नेट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उतरवा. ढगाळ हवेत आधीच ऊन कमी, त्यात नेट ठेवलं की पानं ओली राहतात आणि वेलांवर केवडा (पानांवर पिवळे डाग पाडणारा रोग) येतो. ऑक्टोबरच्या उन्हात नवीन रोपांवर दोन आठवडे पुन्हा लावलं तरी चालतं, दिवाळीनंतर गरज नाही.

हिरवी_मिरची

पालेभाजीवर निंबोळी तेल टाळा, वास आणि कडवटपणा पानाला राहतो. मावा दिसला की पानाच्या मागच्या बाजूने जोरात पाणी मारा, तीन दिवस ओळीने. सकाळी मारा, म्हणजे पानं दिवसा वाळतात. फार झाला असेल तर पीक काढून खा आणि तो ट्रे आठ दिवस मोकळा ठेवा.

मिरची-वांग्यावर तेल चालतं: लिटरभर कोमट पाण्यात आधी एक मिली भांड्यांचा पातळ साबण, मग पाच मिली तेल, पांढरं दुधासारखं होईपर्यंत घुसळायचं. ऊन गेल्यावर फवारा, आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. तयार केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.