उंदीर-ससे पसरतात ते पिलावळीमुळे की स्वभावामुळे?

रानवाट: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, की परक्या मुलखात उंदीर-ससे माजतात ते केवळ भराभर वितात म्हणून, स्वभाव वगैरे कविकल्पना. राहवलं नाही म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियात ससे १७८८ मध्येच वसाहत करायला आलेल्या इंग्रजांच्या पहिल्या जहाजी ताफ्याबरोबर उतरले. पुढेही कितीदा आणले गेले, पण मुख्य भूमीवर सत्तर वर्षं त्यांचा फारसा पसारा झाला नाही. १८५९ मध्ये तिथल्या थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने इंग्लंडहून ससे मागवले, त्यांत रानटी रक्त होतं, आणि पन्नासेक वर्षांत खंडाचा मोठा भाग त्यांनी व्यापला. विण्यात आधीचे काय कमी होते? ते माणसाळलेले होते, एवढाच फरक.

थेटबोल: तो मीच. स्वभावाच्या जोरावर ससा समुद्र ओलांडतो का? माणूस नेतो. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला भारतातून नऊ मुंगसं जमैकात नेली. त्यात मुंगसाचा स्वभाव कुठे आला?

पाणवठा: पुन्हा मुंगूसच बदनाम! लहानपणी आमच्या भिंतीच्या कडेने एक मादी सकाळी दहाच्या उन्हात पिलं घेऊन जायची. एकामागोमाग एक. मधलं पिलू थबकलं की ती मागे वळून थांबायची. अशा जिवाला ‘आक्रमक’ म्हणताना जीभ कशी रेटते?

रानवाट: दहाच्या उन्हात, हे तुम्हीच लिहिलंत. मुंगूस दिवसा हिंडतं. जपानच्या आमामी-ओशिमा बेटावर १९७९ मध्ये विषारी हाबू सापांवर उतारा म्हणून तीसेक मुंगसं सोडली. हाबू रात्री बाहेर पडतो. गाठ पडणार कशी? मग मुंगसांनी तिथले दुर्मिळ ससे खाल्ले.

पाणवठा: माझी आठवण तुमच्या वादाला जुंपू नका. सोडणाऱ्यांना जाब विचारा.

तिठा: मुंगूस राहू द्या. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये संशोधकांनी एका निर्जन बेटावर रेडिओ कॉलर घातलेला एकच नर उंदीर मुद्दाम सोडला. सापळे, आमिषं, कुत्रे, सगळं झालं. पठ्ठ्या चारशे मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. हाती लागायला अठरा आठवडे. यात पिलावळ कुठे आहे?

घरी मी पिंजऱ्याभोवती पीठ भुरभुरलं होतं. पाच रात्री पावलं पिंजऱ्याला वळसा घालून गेलेली, आत एकही नाही. शेवटी दार बांधून उघडंच ठेवलं. आठवड्याने पावलं आत दिसली, तेव्हा दोरी सोडली.

थेटबोल: तो पोहला, मान्य. पण एकट्या नराने बेट भरत नाही, गाभण मादीच लागते. पोहोचण्यापुरता स्वभाव धरा. त्यापुढे एक पाऊल मी हटणार नाही.

रानवाट: कालपर्यंत कविकल्पना होती. आज पोहोचण्यापुरता तरी धरलात.

पाणवठा: आणि आमामीवर आता एकही मुंगूस उरलेलं नाही. २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. ती तिथे आपल्या पायांनी गेली नव्हती.